गेल्या वर्षीच्या ॲपवर यंदा शर्यत दिसत नाही? आधी शर्यत कोणाची ते बघा

मार्च उजाडला की सायकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एकच प्रश्न फिरायला लागतो: "यंदा कुठे दिसणार?" कोणीतरी गेल्या वर्षीच्या ॲपचं नाव टाकतं. बाकीचे ते उतरवून घेतात, काही जण पैसेही भरून मोकळे होतात, आणि संध्याकाळी शर्यत सुरू व्हायच्या वेळी कळतं की तिथे फुटबॉल आहे, टेनिस आहे, सायकलिंग मात्र नाही. जुलैत टूर द फ्रान्सच्या वेळी पुन्हा तीच धावपळ, सप्टेंबरात जागतिक अजिंक्यपदाला पुन्हा. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. रस्त्याच्या कडेला उभं राहून डोळ्यांदेखत घोळका सुसाट जाताना पाहिलेल्या कित्येकांना आता युरोपातल्या शर्यती पाहायच्या आहेत, त्यामुळे यंदा विचारणाऱ्यांची संख्या वाढली आहे. म्हणून नेहमीच्या अडचणी आणि त्या सोडवायचा माझा क्रम सविस्तर लिहितो.

"ॲप आहे, पैसे भरलेत, पण ही शर्यत नाही"

सगळ्यांत जास्त येणारी तक्रार हीच, आणि तिचं मूळ ॲपमध्ये नाही. क्रिकेटमध्ये भारतातल्या सामन्यांचे हक्क बीसीसीआय विकते. एकदा करार झाला की निदान काही वर्षं कुठे बघायचं हे ठरलेलं असतं. सायकलिंगमध्ये असा एक मालक नाही. युसीआय ही आंतरराष्ट्रीय संघटना नियम करते, वेळापत्रक आखते, पण शर्यत आयोजकाची असते आणि तिच्या प्रक्षेपणाचे हक्कही आयोजकच विकतो. देश वेगळा तर करार वेगळा, आणि मुदतही वेगळी.

म्हणून "कुठलं ॲप घेऊ?" असं विचारण्याआधी "ही शर्यत कोणाची?" हे विचारा. मोठी घराणी मोजकीच आहेत. टूर द फ्रान्स, पॅरिस-नीस, पॅरिस-रूबे, लिएज-बास्तोन-लिएज ह्या फ्रान्सच्या एएसओ कंपनीच्या. स्पेनची व्हुएल्टाही त्याच समूहाकडे आहे. जिरो द'इटालिया, मिलान-सान रेमो, स्त्रादे बियांके, तिरेनो-आद्रियातिको, इल लोम्बार्दिया ह्या इटलीच्या आरसीएस स्पोर्टच्या. टूर ऑफ फ्लँडर्स आणि गेंट-वेव्हेलगेमसारख्या बेल्जियमच्या वसंतातल्या शर्यती फ्लँडर्स क्लासिक्सकडे. जागतिक अजिंक्यपद खुद्द युसीआयचं. ही विभागणी एकदा डोक्यात बसली की टूर दाखवणाऱ्या ॲपवर जिरो का नाही, ह्याचं उत्तर आपोआप मिळतं: विकणारा वेगळा, घेणारा वेगळा.

आता शोधायचं कसं? शर्यतीच्या अधिकृत संकेतस्थळावर टीव्ही किंवा ब्रॉडकास्टर्स नावाचं पान असतं. तिथे देशवार यादी असते. त्या यादीत 'इंडिया' दिसलं नाही म्हणून लगेच पान बंद करू नका. बऱ्याचदा आपला देश 'इंडियन सबकॉन्टिनेंट', 'साउथ एशिया' किंवा नुसत्या 'एशिया'च्या ओळीत दडलेला असतो. ही यादी शर्यत तोंडावर आल्यावरच पूर्ण होते, तेव्हा महिनाभर आधी पाहून निराश होण्यात अर्थ नाही. नाव सापडलं तरी पैसे भरू नका. आधी त्या ॲपमध्ये किंवा वाहिनीच्या वेळापत्रकात त्या तारखेला शर्यतीचं नाव प्रत्यक्ष लिहिलेलं आहे का ते बघा. टीव्हीचे हक्क आणि ऑनलाइनचे हक्क वेगळे विकले जाऊ शकतात. वाहिनीवर शर्यत चालू असते आणि त्याच वाहिनीच्या नावाच्या ॲपवर नसते, असं होऊ शकतं. महिलांच्या शर्यतींचंही स्वतंत्रपणे तपासा. पुरुषांची शर्यत दिसते म्हणजे महिलांचीही दिसेल असं धरून चालू नका. टूर द फ्रान्स फाम २०२२ पासून सुरू आहे, शर्यत अप्रतिम होते, आणि केवळ कोणी शोधत नाही म्हणून ती हुकते ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझा ठाम सल्ला: वर्षाची वर्गणी घेऊ नका, महिन्याची घ्या. जिरोसाठी मे, टूरसाठी जुलै, व्हुएल्टासाठी ऑगस्टचा शेवट आणि सप्टेंबरची सुरुवात. हक्क दर मोसमात हलू शकतात, मग वर्षभराचे पैसे आधीच गुंतवून काय मिळवायचं?

पूर्वी असं नव्हतं, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. जीसीएन प्लस ह्या सायकलिंगच्या ॲपवर थोड्या पैशांत मोसमातल्या बहुतेक शर्यती एकाच ठिकाणी मिळायच्या, जाहिरातींचा त्रास न होता. १९ डिसेंबर २०२३ ला ते बंद झालं आणि तेव्हापासून पांगापांग झाली. त्यात आपणच भरडले गेलो असं नाही. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०२५ मध्ये युरोस्पोर्ट बंद होऊन सायकलिंग टीएनटी स्पोर्ट्सकडे गेलं, आणि महिन्याला ६.९९ पाउंडांत मिळणारी गोष्ट ३०.९९ पाउंडांवर गेली. आयटीव्हीवर फुकट दिसणारी टूरही २०२५ नंतर संपली. लंडनकडच्या मराठी घरांतून ह्यावर येणारा वैताग अगदी रास्त आहे. त्या मानाने ऑस्ट्रेलियातले लोक नशीबवान, तिथे एसबीएसच्या ऑन डिमांडवर टूर फुकट दिसत आली आहे. अमेरिकेत टूर पीकॉकवर, कॅनडात फ्लोबाइक्सवर. परदेशात असाल तर आधी स्थानिक सरकारी किंवा सार्वजनिक वाहिनी तपासा: फ्रान्समध्ये फ्रान्स टेलिव्हिजन, इटलीत राय, बेल्जियमच्या फ्लँडर्समध्ये व्हीआरटी. घरबसल्या फुकट मिळणारं उत्तम प्रक्षेपण सोडून लोक पैसे भरत बसतात.

भारतात टूर गेली काही वर्षं युरोस्पोर्ट वाहिनीवर दिसत आली आहे, ही तीच वाहिनी जी २०२० पर्यंत डीस्पोर्ट नावाने चालायची. शोधायला सुरुवात तिथून करा, पण खात्री वर सांगितल्याप्रमाणेच करा.

"तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही"

हा संदेश आला की दोन शक्यता: खरंच त्या सेवेकडे भारताचे हक्क नाहीत, किंवा हक्क आहेत पण तुम्ही भारतात आहात हे तिला पटत नाहीये. दुसरी शक्यता वाटते त्यापेक्षा जास्त वेळा निघते.

ऑफिसच्या लॅपटॉपवर कंपनीचा व्हीपीएन चालू राहिलेला असतो. तुम्ही बसलेले असता हिंजवडीत, पण इंटरनेटच्या नजरेत तुम्ही सिंगापुरात किंवा टेक्सासमध्ये असता. तो बंद करा, ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. फोनमध्ये जाहिराती अडवणारं एखादं ॲप टाकलं असेल तर तेही थोडा वेळ थांबवून बघा, अशी काही ॲप आतून व्हीपीएनच वापरतात. तरीही तोच संदेश आला तर वायफाय सोडून मोबाइल डेटावर बघा. मोबाइलवर चाललं तर गोम ब्रॉडबँडच्या आयपी पत्त्यात आहे. राउटर बंद करून थोड्या वेळाने चालू केला की बऱ्याचदा नवा पत्ता मिळतो.

टीव्हीवर कास्ट करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. फोन फक्त हुकूम देतो, चित्र टीव्ही स्वतःच्या जोडणीवरून खेचतो. म्हणून फोनवर सगळं नीट असूनही टीव्हीवर नकार येऊ शकतो. तपासायचं ते टीव्हीकडे.

ॲप स्टोअरमध्ये दिसतच नसेल तर गोष्ट वेगळी. अमेरिकेतून परतलेल्या एखाद्याचं गूगल खातं अजून तिकडच्या देशाचं असतं, आणि प्ले स्टोअर त्याला इथली ॲप दाखवत नाही. खात्याचा देश बदलता येतो, पण वर्षातून एकदाच, आणि त्यासाठी इथलं पैसे भरण्याचं साधन जोडावं लागतं. बदलण्याआधी तिकडच्या वर्गण्यांचं काय होईल ते बघून घ्या.

आता व्हीपीएन लावून दुसऱ्या देशाचं प्रक्षेपण पाहण्याबद्दल, कारण हे विचारलं जातंच. भारतात व्हीपीएन वापरण्यावर सरसकट बंदी नाही. पण दुसऱ्या देशापुरते विकलेले हक्क असे वापरणं बहुतेक सेवांच्या अटींत बसत नाही आणि खातं बंद होऊ शकतं. मी ते सुचवत नाही. परदेशातून भारतातलं ॲप बघू पाहणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण आहे: एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन ह्या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवायचा आदेश काढला, त्यानंतर काही मोठ्या व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले प्रत्यक्ष सर्व्हर काढून घेतले. 'इंडिया' लिहिलेला त्यांचा सर्व्हर बाहेरच्याच देशात बसलेला असतो, आणि त्यावरून काही सुरळीत चालेल ह्याची खात्री नसते.

"फ्री लाइव्ह" म्हणून मिळणाऱ्या चोरीच्या लिंकांपासून तर लांबच राहा. तीन खोटी 'प्ले'ची बटणं, मग ब्राउझरमध्ये काहीतरी बसवायचा आग्रह, मग "वय पडताळण्यासाठी" कार्डाचा नंबर. शेवटच्या दहा किलोमीटरच्या घाईत माणूस नको तिथे बोट ठेवतो.

"पैसेच जात नाहीत" किंवा "गेल्या महिन्यात चालू होतं, आज बंद"

परदेशी सेवा घेताना कार्ड नाकारलं गेलं तर आधी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत का ते बघा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवं कार्ड येतं तेव्हा ही सोय बंदच असते, आपण चालू करावी लागते. दर महिन्याला आपोआप पैसे कापण्यावरही १ ऑक्टोबर २०२१ पासून नियम कडक झाले: पहिल्यांदा ओटीपीने संमती, आणि नंतर प्रत्येक वेळी पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेचा संदेश. ज्या परदेशी कंपनीने ही व्यवस्था बसवलेली नाही, तिची वर्गणी पुढच्या महिन्यात मुकाट्याने बंद पडते. टूरच्या तिसऱ्या आठवड्यात, आल्प्सचा टप्पा चालू असताना हे कळण्यापेक्षा शर्यत सुरू व्हायच्या आदल्या दिवशी पैसे हाताने भरा, म्हणजे तीनही आठवडे एका महिन्यात बसतात. जिथे यूपीआयची सोय आहे तिथे तीच सोपी पडते.

"उघडलं तेव्हा शर्यत संपत आली होती"

ही चूक दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये होते आणि तिचं कारण युरोपची घड्याळं. फ्रान्स, इटली, बेल्जियम, स्पेन हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतात आणि उन्हाळ्यात साडेतीन. बदल होतो मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. म्हणजे स्त्रादे बियांके आणि मिलान-सान रेमो साडेचार तासांच्या हिशोबाने बघायच्या, आणि एप्रिलपासून पुढे व्हुएल्टापर्यंत सगळं साडेतीनच्या. जो साडेचारचाच हिशोब पुढे चालवतो तो तासभर उशिरा पोचतो.

बरोबर त्याच रविवारी मोठी शर्यत असते हे आणखी वाईट. २०२४ मध्ये टूर ऑफ फ्लँडर्स ३१ मार्चला होती, त्याच पहाटे घड्याळं पुढे गेली. मॅथ्यू व्हान डेर पूल कोपेनबर्गच्या दगडी चढावर सुटला तेव्हा शेवट साधारण ४५ किलोमीटर दूर होता. २०२५ मध्ये गेंट-वेव्हेलगेम ३० मार्चला, पुन्हा घड्याळबदलाचाच दिवस, आणि मॅड्स पेडरसन ५६ किलोमीटर आधीच एकटा निघून गेला. तासभर उशिरा आलेल्याने ह्या दोन्ही शर्यतींत निर्णायक क्षण गमावला, उरला तो फक्त एकट्या माणसाचा शेवटापर्यंतचा प्रवास. आजकाल हल्ले लांबून होतात. स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारने २०२४ च्या स्त्रादे बियांकेत ८१ किलोमीटर आधी आघाडी घेतली. म्हणून शेवटची वीस मिनिटं पाहू अशा बेताने बसू नका, निदान दोन तास हाताशी ठेवा.

फोनच्या जागतिक घड्याळात ब्रसेल्स किंवा पॅरिस टाकून ठेवा, डोक्यात गणित करू नका. टूरचा साधा टप्पा आपल्याकडे रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास संपतो, जेवणाच्या वेळेत. ऑस्ट्रेलियाची टूर डाउन अंडर जानेवारीत आपल्या सकाळी असते. २०२६ चं जागतिक अजिंक्यपद मॉन्ट्रियलला आहे, तिथे सप्टेंबरात फरक साडेनऊ तासांचा. तिकडे दुपारी चारला संपणारी शर्यत इथे रात्री दीडला संपेल, म्हणजे ॲपच्या वेळापत्रकात तिचा शेवट पुढच्या तारखेखाली सापडू शकतो. रविवारची शर्यत शोधताना सोमवारही उघडून बघा.

"चित्र अडकतंय, तुटतंय, झटके खातंय"

हे तीन वेगळे आजार आहेत, औषधही वेगळं.

चौकोन-चौकोन होऊन चित्र फाटतंय, पण पडद्यावरचे आकडे, उरलेलं अंतर आणि आघाडीचा वेळ, स्वच्छ दिसतायत आणि समालोचन अखंड ऐकू येतंय? मग दोष तुमच्याकडे नाही. मोटरसायकलवर मागे बसलेला कॅमेरामन जे टिपतो ते रेडिओ लहरींनी वर हेलिकॉप्टरकडे किंवा त्याहून उंच फिरणाऱ्या विमानाकडे जातं, तिथून शेवटच्या रेषेजवळच्या प्रक्षेपण गाड्यांकडे. आकडे तिथे चढवले जातात. दाट झाडी, बोगदा, ढग, गारपीट ह्यांनी वरचा दुवा तुटला की फक्त चित्र जातं. २४ मे २०२१ ला जिरोच्या कोर्तिना दाम्पेत्सोच्या टप्प्यात हेच झालं. हवा इतकी वाईट होती की टप्पाच छाटावा लागला, आणि पासो जियाउचा घाट जगात जवळजवळ कोणालाच थेट दिसला नाही. एगान बेर्नाल तिथे सगळ्यांना मागे टाकून गेला. प्रेक्षकांना तो दिसला थेट कोर्तिनाच्या रस्त्यावर, गारठलेल्या हातांनी पावसाचं जाकीट उतरवताना, खालची, एकूण आघाडीवर असणारा घालतो ती गुलाबी जर्सी जिंकताना दिसावी म्हणून. त्या दिवशी राउटर चालू-बंद करत बसलेल्यांना त्याचा काही उपयोग नव्हता. अशा वेळी शर्यतीच्या अधिकृत संकेतस्थळावरचा लाइव्ह ट्रॅकर उघडून ठेवावा.

याउलट आकड्यांसकट सगळं थिजलं आणि मधोमध गोल फिरायला लागलं, तर घरचीच जोडणी तपासा. रात्री आठ-नऊला सगळी सोसायटी नेटवर असते. टीव्ही २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर असेल तर ५ वर घ्या, राउटर जवळ असेल तर सरळ केबल लावा, सगळ्यांत खात्रीचं तेच. दर्जा 'ऑटो'वर न सोडता ७२० पी ठेवा, थोडं कमी धारदार पण अखंड. टूर आपल्या ऐन पावसाळ्यात येते, तेव्हा राउटरला छोटा यूपीएस असू द्या, लाइट गेली तरी फायबर बऱ्याचदा चालू असतं. मोबाइल डेटावर बघणार असाल तर फुल एचडीला तासाला साधारण तीन जीबी लागतात. दिवसाच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये डोंगरातला पाच तासांचा टप्पा बसत नाही. ४८० पी वर तो हिशोब बराच खाली येतो.

तिसरा आजार कमी ओळखला जातो. नेट उत्तम आहे, चित्र थांबत नाही, पण हेलिकॉप्टरचा कॅमेरा शेतांवरून सरकायला लागला की दृश्य बारीक झटके खातं. युरोपातलं प्रक्षेपण सेकंदाला ५० चित्रांचं असतं आणि आपली स्टिक किंवा बॉक्स टीव्हीला ६० च्या हिशोबाने पुरवत असते. फायर टीव्हीच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 'मॅच ओरिजिनल फ्रेम रेट', ॲपल टीव्हीवर 'मॅच फ्रेम रेट' चालू करा. ॲप त्याला जुमानत नसेल तर शर्यतीपुरतं १०८० पी ५० हर्ट्झ हाताने निवडा. सूर्यफुलांच्या शेतांवरून कॅमेरा कसा तरंगत जातो हे तेव्हा खरं कळतं.

फोनवर चित्र कायम धूसरच असेल तर वाइडवाइनची, म्हणजे चोरून कॉपी होऊ नये म्हणून फोनमध्ये असलेल्या संरक्षणाची, पातळी तपासा. एल ३ असेल तर बरीच ॲप एचडी देतच नाहीत, नेट कितीही वेगवान असो. लॅपटॉप टीव्हीला जोडल्यावर नुसता काळा पडदा आणि आवाज येत असेल तर मधला स्वस्त स्प्लिटर काढून एचडीएमआय थेट लावा.

भारतात कोणीच दाखवत नसेल तर

असं होतं, विशेषतः छोट्या शर्यतींचं. युसीआयचा यूट्यूब चॅनल तपासा, जागतिक अजिंक्यपदाचं प्रक्षेपण जिथे हक्क विकलेले नाहीत तिथे त्यावर दिसत आलेलं आहे. मग आयोजकांचा स्वतःचा चॅनल. मात्र चॅनलचं नाव आणि जुने व्हिडिओ बघून तो अधिकृत असल्याची खात्री करा. मोठ्या शर्यतीच्या दिवशी एकच स्थिर चित्र लावून 'लाइव्ह' म्हणवणारे बनावट व्हिडिओ ढिगाने येतात. थेट काहीच मिळालं नाही तर लाइव्ह ट्रॅकर, आणि रात्री अधिकृत चॅनलवरचा संक्षिप्त व्हिडिओ. तो बघायचा बेत असेल तर यूट्यूबचं मुखपृष्ठ उघडू नका, विजेत्याचा हात वर केलेला फोटो तिथेच दिसतो. चॅनलची थेट लिंक आधी जपून ठेवा आणि ग्रुप म्यूट करा. थेट बघतानाही म्यूट करा, कारण ऑनलाइन चित्र प्रत्यक्षापेक्षा अर्धा-एक मिनिट मागे चालतं आणि ट्रॅकरवाला मित्र आधी ओरडतो.

इतकं करूनही अडलं आणि ग्राहक सेवेला किंवा जाणत्यांना विचारायची वेळ आली, तर "चालत नाही" एवढंच लिहू नका. शर्यतीचं आणि टप्प्याचं नाव, ॲप, टीव्ही की फोन, वायफाय की डेटा, आणि पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा, जमल्यास स्क्रीनशॉटसकट. एवढं असलं की उत्तर शर्यत संपायच्या आत मिळण्याची शक्यता खूप वाढते.